ट्रेलरवरची केबिन बोट नेमकी किती फुटी घ्यावी? उत्तर समुद्रात नाही, रस्त्यावर आहे

शुक्रवारची संध्याकाळ. सिएटलहून उत्तरेला जाणारा इंटरस्टेट ५ हा महामार्ग नेहमीसारखा तुंबलेला असतो. त्या गर्दीत अधूनमधून एखादी पिकअप दिसते आणि तिच्या मागे ट्रेलरवर बोट. साधी होडी नाही. पुढे काचा, वर छप्पर, बाजूला छोटी खिडकी आणि खिडकीला चक्क पडदा. सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर ॲनाकोर्टिस नावाचं गाव येतं. तिथल्या उतारावरून बोट पाण्यात सोडायची, समोरच्या सॅन हुआन बेटांमध्ये दोन रात्री काढायच्या, रविवारी संध्याकाळी बोट पुन्हा ट्रेलरवर चढवायची आणि घर गाठायचं. सोमवारी सकाळी ऑफिस.

सिएटल म्हटलं की आपल्याकडे प्रत्येकाला तिथे नोकरीला असलेला एखादा भाचा नाहीतर वर्गमित्र आठवतोच. त्यांच्यापैकी कुणीतरी असा फोटो टाकतो आणि खाली पहिली कमेंट ठरलेली असते, "केवढ्याला पडली रे?" खरं तर त्याआधी विचारायला हवा असा प्रश्न वेगळा आहे. किती फुटी घेतली?

या प्रकारच्या बोटी साधारण १५ फुटांपासून २६ फुटांपर्यंत मिळतात. फरक ११ फुटांचा, म्हणजे आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या एका बेडरूमच्या लांबीएवढा. पण या ११ फुटांत गाडी बदलते, खर्च बदलतो, झोप बदलते आणि कोणत्या पाण्यात जायची हिंमत करावी हेही बदलतं. माप चुकलं तर दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर बोट अंगणात ताडपत्रीखाली पडून राहते. नाहीतर ती नको त्या दिवशी नको त्या पाण्यात उतरते, आणि ते जास्त वाईट.

एवढा खटाटोप कशासाठी?

सॅन हुआन बेटांमध्ये सुशिया नावाचं एक छोटं बेट आहे. ते संपूर्ण बेट म्हणजे राज्य सरकारचं उद्यान आहे. तिथे पूल नाही, फेरीबोट जात नाही. स्वतःची किंवा भाड्याची बोट असेल तरच पोहोचता येतं. खाडीत नांगर टाकायचा किंवा सरकारने बसवलेल्या तरंगत्या बोयाला बोट बांधायची आणि आतच झोपायचं. अशा जागा अमेरिकेच्या या वायव्य कोपऱ्यात ठिकठिकाणी आहेत. दिवसभर फिरून परत यायचं असेल तर उघडी होडी चालते. रात्र काढायची असेल तर छप्पर लागतं. म्हणून केबिन.

आणि ट्रेलर कशाला? बंदरात बोट कायमची ठेवायची तर जागेचं भाडं फुटांवर आकारतात. बोट वापरा अथवा नका वापरू, महिन्याचं बिल येतंच. ट्रेलरवरची बोट घराच्या आवारात उभी राहते. शिवाय ती एका समुद्राला बांधलेली नसते. शिडाची छोटी बोट वाऱ्याविरुद्ध तासाला जेमतेम सात-आठ किलोमीटर कापते, तीच ट्रेलरवर चढली की तासाला नव्वदने पळते. जुलैमध्ये सॅन हुआन बेटं, ऑक्टोबरमध्ये युटा-ॲरिझोनाच्या सीमेवरचा लेक पॉवेल, हिवाळ्यात फ्लोरिडाचा दक्षिण किनारा, हे सगळं एकाच बोटीतून जमतं. पन्नास फुटी यॉटच्या मालकाला हे जमत नाही.

पण यातच ग्यानबाची मेख आहे. बोट समुद्रावर चालते, पण तिचं माप आधी रस्त्यावर ठरतं.

साडेआठ फुटांची भिंत

अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनाची रुंदी १०२ इंच, म्हणजे साडेआठ फुटांपर्यंत असेल तर खास परवाना लागत नाही. त्यापुढे गेलं की ते 'जादा मापाचं' सामान ठरतं. मग राज्याराज्याचा वेगळा परवाना, मागे-पुढे फलक आणि बऱ्याच ठिकाणी रात्री गाडी चालवायला मनाई. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघणाऱ्या माणसासाठी हे जवळपास बंदीसारखंच.

पूर्वी ही मर्यादा आणखी कमी होती, ९६ इंच, म्हणजे बरोबर ८ फूट. १९८२ च्या केंद्रीय कायद्याने मोठ्या महामार्गांवर ती १०२ इंच झाली. हा इतिहास बोटींच्या अंगावर वाचता येतो. कॅटलिना २२ ही शिडाची बोट १९६९ मध्ये आली आणि १५ हजारांहून जास्त विकली गेली. तिची रुंदी ७ फूट ८ इंच. वॉशिंग्टन राज्यातच जन्मलेली सी-डोरी २२ ही इंजिनवर चालणारी केबिन बोट, तिचीही रुंदी ७ फूट ८ इंच. दोन्ही ८ फुटांच्या आत बसवलेल्या. नंतर आलेली सी-डोरी २५ मात्र बरोबर ८ फूट ६ इंच रुंद. बोटीचा आराखडा काढणाऱ्याने लाटांचा विचार केला असेलच, पण पट्टी ठेवली ती रस्त्याच्या नियमावर.

ब्रिटनमध्ये ट्रेलरसाठी ही मर्यादा २.५५ मीटर आहे, ऑस्ट्रेलियात २.५ मीटर. आणि गंमत म्हणजे आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही वाहनाची कमाल रुंदी २.६ मीटर, म्हणजे जवळपास तेवढीच. त्यामुळे उद्या कुणी कोकणातल्या खाडीसाठी अशी बोट बांधायला घेतली तर तिलाही हीच भिंत आडवी येईल. अर्थात आपल्या घाटरस्त्यांवर अडचणींची यादी रुंदीपाशी संपणार नाही, ते वेगळं.

रुंदीची वरची हद्द ठरलेली असल्यामुळे लांबीलाही आपोआप लगाम बसतो. साडेआठ फुटांत कितीही लांब बोट काढली तर ती पाण्यात काकडीसारखी गोल फिरायला बघते. म्हणून ट्रेलरवरच्या बोटींचा बाजार २६ फुटांच्या आसपास विरळ होत जातो.

नाकापेक्षा मोती जड

नवख्या माणसाची सर्वांत मोठी चूक वजनाच्या हिशोबात होते. माहितीपत्रकात लिहिलेलं वजन हे कोऱ्या बोटीचं असतं. त्यात इंजिन नसतं, पेट्रोल नसतं, ट्रेलर नसतो. उदाहरण म्हणून २२ फुटी सी-डोरीचाच ढोबळ हिशोब मांडून पाहू.

कोरी बोट साधारण ९५० किलो. मागे लावायचं ९० हॉर्सपॉवरचं इंजिन १६५ किलो. मोठं इंजिन बंद पडलं तर घरी परतण्यासाठी बहुतेक जण एक छोटं राखीव इंजिनही लावतात, ते ४५. दीडशे लिटर पेट्रोल, ११० किलो. बॅटऱ्या, नांगर, नांगराची साखळी मिळून ७०. पिण्याचं पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो. शेगडी, भांडी, अंथरूण, कपडे, दोन जणांचा चार दिवसांचा शिधा, १२०. आणि या सगळ्यांना उचलणारा ट्रेलर स्वतःच ४०० किलो. बेरीज १,९२० किलो. माहितीपत्रकातल्या आकड्याच्या दुप्पट.

आता गाडीकडे बघा. अमेरिकेत सर्रास दिसणाऱ्या छोट्या एसयूव्हींची ओढण्याची क्षमता मॉडेलप्रमाणे ७०० ते १,६०० किलोंच्या घरात असते. म्हणजे या गाड्या बाद. त्याच्या वरच्या, तीन रांगांच्या एसयूव्हींची क्षमता बऱ्याचदा ५,००० पौंड, म्हणजे २,२६८ किलो असते. तिथे २२ फुटी बोट बसते, पण फार मोकळीक उरत नाही. गाडीत बसलेली माणसं आणि डिकीतलं सामानही एकूण क्षमतेतूनच वजा होतं, हे तर अनेकांच्या गावीही नसतं.

"पण ओढते की गाडी, त्रास काय?" असं म्हणणारे भेटतात. ओढायला गाडी काहीही ओढेल. प्रश्न थांबण्याचा आहे. उतारावर दोन टनांचा ट्रेलर मागून ढकलत असतो. ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा भार गाडीच्या हूकवर कमी पडला तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोकांड्या खायला लागतो आणि मागचा हत्ती पुढच्या माणसाला चालवतो. म्हणून एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी हूकवर यावा, असं सामान लावतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ३,००० पौंडांच्या पुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणं सक्तीचं आहे. काही राज्यांत तर त्याहून कमी वजनालाही.

इथे लांबीचं एक फसवं गणित येतं. बोट दीडपट लांब झाली की ती दीडपट रुंद आणि दीडपट खोलही होते, त्यामुळे वजन दीडपट नव्हे, तिपटीहून जास्त होतं. प्रत्यक्ष बोटी बघितल्या तरी हेच दिसतं. वेस्ट वाइट पॉटर नावाच्या शिडाच्या बोटी छोट्या केबिन बोटींमध्ये प्रसिद्ध आहेत. त्यातली १५ फुटी साधारण २१५ किलोंची. तिची मोठी बहीण पावणेएकोणीस फुटी, तर वजन ५५५ किलो. कॅटलिना २२ चं १,०२० किलो. म्हणजे १५ फुटांवरून २२ फुटांवर गेलं की वजन जवळपास पाचपट. सी-डोरी २२ आणि २५ मध्ये तर नावाला तीन फुटांचा फरक, पण २५ फुटी बोट सामानासह ट्रेलरवर चढली की एकूण वजन तीन टनांच्या पुढे जातं. आता घरची गाडी उपयोगाची नाही, मोठा पिकअप ट्रक हवा. बोट तीन फुटांनी वाढली आणि दारात दुसरं वाहन आलं.

बोटवाल्यांच्या जगात एक जुना विनोद आहे की प्रत्येकाला हवी असलेली बोट ही त्याच्याकडे असलेल्या बोटीपेक्षा नेहमी दोन फुटांनी मोठी असते. ट्रेलरच्या बाबतीत हे दोन फूट फार महाग पडतात.

रात्र कशी जाईल?

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण बोटीत शब्दशः लागू होते. बोटीचं टोक निमुळतं असतं आणि बिछाना बहुतेक त्या टोकातच. दोघांची डोकी रुंद बाजूला, पाय निमुळत्या कोपऱ्यात एकमेकांवर. १५ फुटी बोटीत दोन माणसं झोपू शकतात हे खरं. पण आत उभं राहता येत नाही, नीट बसतानाही मान सांभाळावी लागते. पॅन्ट चढवायची तर आडवं पडून. पाऊस लागला की दिवसभर याच अवस्थेत. दोन दिवस मजा वाटते. तिसऱ्या दिवशी भांडण होतं.

२२ फुटांच्या इंजिनवाल्या बोटीत बहुधा उभं राहता येतं, दोघांना समोरासमोर बसून जेवता येतं आणि जेवणाचं टेबल न आवरता झोपता येतं. हा शेवटचा मुद्दा फालतू वाटेल, पण ज्या बोटीत रोज रात्री टेबल मोडून पलंग करावा लागतो आणि सकाळी पलंग मोडून टेबल, तिथे आठवडाभरात कंटाळा येतो. आपल्या वन रूम किचनमध्ये वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की चाळीत निदान दार उघडून गॅलरीत जाता यायचं.

माहितीपत्रकात 'चार जण झोपू शकतात' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ चार जण झोपू शकतात एवढाच. ते चार जण आपल्या ओल्या चपला, चार रेनकोट आणि चार पिशव्या कुठे ठेवणार, हे त्यात नसतं. २२ फुटांत दोन मोठी माणसं सुखाने राहतात, एखादं लहान मूल खपून जातं. चौकोनी कुटुंबाने एक तर २५ फुटांच्या पुढे जावं, नाहीतर मुलांसाठी किनाऱ्यावर तंबू ठोकावा. तंबूचा पर्याय बऱ्याच कुटुंबांना मानवतो, कारण मुलांना तोच जास्त आवडतो.

शौचालयाचा प्रश्न लाजून टाळण्यात अर्थ नाही. प्युजेट साउंड आणि सॅन हुआन बेटांच्या पाण्यात २०१८ पासून शौचालयाचं पाणी सोडायला पूर्ण बंदी आहे, प्रक्रिया केलेलं असलं तरी. म्हणून छोट्या बोटीत बादलीच्या आकाराचं, झाकणाचं, उचलून नेऊन रिकामं करता येणारं शौचालय ठेवतात. ते कुठे ठेवायचं आणि वापरताना दुसऱ्याने कुठे बघायचं, हा माप ठरवताना विचारायचा प्रामाणिक प्रश्न आहे. बंद दाराची वेगळी मोरी हवी असेल तर साधारण २५ फुटांकडेच जावं लागतं.

छोट्या केबिनचा आणखी एक गुण असा की ती लवकर भरते. श्वासातूनच एक माणूस रात्रभरात कपभर पाणी हवेत सोडतो. बाहेर पाणी थंडगार, आत दोघं, खिडक्या बंद, की सकाळी छतावरून थेंब पडायला लागतात. ते निदान दिसतं तरी. कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. बंद केबिनमध्ये शेगडी पेटवून ऊब घ्यायचा मोह होतो किंवा इंजिनाचा धूर फटीतून आत येतो. जागा जितकी लहान, तितका वायू साठायला वेळ कमी. मिनेसोटा राज्यातल्या मिनेटोंका तलावावर २०१५ मध्ये अशाच विषारी वायूने सात वर्षांच्या एका मुलीचा जीव गेला. त्यानंतर त्या राज्याने कायदा केला आणि २०१८ पासून झोपायची बंद जागा असलेल्या बोटींमध्ये हा वायू ओळखणारं यंत्र सक्तीचं केलं. यंत्र तळहाताएवढं असतं. कायदा असो वा नसो, ते लावावंच.

मग पाण्यात लांबीचा फायदा काय?

आहे ना. पण वाटतो तिथे नाही.

लोकांना वाटतं, मोठी बोट म्हणजे जास्त वेग. शिडाच्या बोटीला किंवा सावकाश जाणाऱ्या जड बोटीला वेगाची एक नैसर्गिक मर्यादा असते आणि ती पाण्याला टेकणाऱ्या लांबीच्या वर्गमुळावर ठरते. १६ फूट असेल तर ताशी सुमारे १० किलोमीटर, २५ फूट असेल तर साडेबारा. नऊ फूट जास्त घेऊन मिळाले अडीच किलोमीटर. वेग हवा असेल तर हलकी बोट आणि दमदार इंजिन हवं, लांबी नव्हे.

खरा फरक पडतो लाटांमध्ये. सॅन हुआन बेटांकडे जाताना रोझारिओ सामुद्रधुनी ओलांडावी लागते. तिथे ओहोटीचं पाणी एका दिशेने धावत असतं आणि वारा समोरून आला की लाटा उभ्या, तोकड्या आणि जवळजवळ होतात. वसई किंवा दाभोळच्या खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी पाणी कसं उसळतं हे ज्यांनी बघितलंय, त्यांना हे लगेच कळेल. दक्षिणेला डिसेप्शन पास नावाची चिंचोळी वाट आहे, तिथे भरती-ओहोटीचा प्रवाह ताशी चौदा-पंधरा किलोमीटरपर्यंत जातो. वर सांगितलेल्या वेगांशी ताडून बघा. १६ फुटी शिडाची बोट तिथे चुकीच्या वेळी शिरली तर पुढे जायचं सोडा, मागे वाहत येईल. अशा पाण्यात २५ फुटी बोट दोन लाटांवर टेकते, तर १६ फुटी बोट प्रत्येक लाटेत उतरून पुन्हा चढते. आतल्या माणसाची कंबर हा फरक सांगते.

छोटी बोट समुद्रात टिकत नाही असं मात्र नाही. एकाने त्या चिमुकल्या पॉटरमधून कॅलिफोर्निया ते हवाई हा तीन हजार सातशे किलोमीटरहून लांबचा प्रवास केला. म्हणून ती बोट हवाईला जाण्यासाठी घ्यावी असं कुणी म्हणत नाही.

एक गोष्ट अनेकांना उलटी वाटेल. अमेरिकेत २० फुटांपेक्षा लहान इंजिनवाल्या बहुतेक बोटींवर किती माणसं आणि किती वजन चालेल याची पाटी ठोकलेली असते. मागे इंजिन लटकवलेल्या लहान बोटी पाण्याने भरल्या तरी आडव्या तरंगत राहाव्यात अशा बांधणं निर्मात्यावर बंधनकारक आहे. २० फुटांच्या पुढे ही सक्ती नाही. म्हणजे मोठी बोट घेतली की सुरक्षितता आपोआप वाढली, हा हिशोब दर वेळी खरा नसतो. २२ फुटी बोट घेताना 'ही पाण्याने भरली तर काय होईल?' हे विक्रेत्याला विचारावं लागतं.

वजनाची अडचण सोडवायची एक हुशार युक्तीही आहे. मॅकग्रेगर २६ या बोटीला तळाशी पाण्याची टाकी दिली होती. रस्त्यावर टाकी रिकामी, त्यामुळे २६ फुटी बोटीचं वजन २२ फुटी कॅटलिनाच्या आसपासच राहतं. समुद्रात उतरली की टाकीत पाचशे-सहाशे किलो पाणी भरून घ्यायचं आणि बोट स्थिर करायची. कल्पना नामी, बोट भरपूर खपली. पण टाकी भरली आहे की नाही हे वरून दिसत नाही. रिकाम्या टाकीनिशी बोट चालवायची तर अगदी मोजकी माणसं, तीही खाली बसलेली हवीत. ४ जुलै २००२ च्या रात्री लेक शॅम्प्लेनमध्ये अशी एक बोट उलटली. टाकी भरलेली नव्हती आणि बोटीवर ११ जण होते. केबिनमधली दोन मुलं दगावली. बोटीवर किती जण मावतात आणि ती किती जणांना पेलते, हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि बोट जितकी ऐसपैस दिसते तितकी ही गल्लत सोपी होते.

त्यात पाणी थंड. प्युजेट साउंडचं पाणी भर उन्हाळ्यातही बऱ्याच ठिकाणी १०-१२ अंशांच्या आसपास असतं. पडलेला माणूस चांगला पोहणारा असला तरी हातपाय काही मिनिटांतच साथ सोडू लागतात. लाइफ जॅकेट अंगात हवं, कपाटात नाही.

उताराची परीक्षा

माप ठरवताना कुणी न विचारलेला पण सर्वांत निर्णायक आकडा म्हणजे, गाडी उतारावर पोहोचल्यापासून बोट चालू होईपर्यंत किती मिनिटं लागतात. इंजिनवाली २२ फुटी बोट सराव झाला की वीस मिनिटांत पाण्यात जाते. शिडाच्या बोटीची डोलकाठी उभी करावी लागते, तिचे ताण बसवावे लागतात. १५ फुटीची डोलकाठी एकटा माणूस उचलतो. २२ फुटीला दोघं आणि साधारण तासभर. मागे रांग लागलेली, कुणीतरी हॉर्न वाजवतोय आणि वाऱ्याने बोट तिरकी होतेय. ज्याला हा तास नकोसा होतो तो हळूहळू जाणंच कमी करतो. तेव्हा दोन दिवसांच्या सुट्टीसाठी वीस मिनिटांची बोट आणि महिनाभराच्या मोहिमेसाठी तासाभराची, असा हिशोब ठेवला तर निभतं.

परत येताना खाऱ्या पाण्यात बुडालेली ट्रेलरची चाकं गोड्या पाण्याने धुवायची असतात. कंटाळा केला तर बेअरिंग गंजतात आणि पुढच्या वेळी महामार्गाच्या कडेला थांबून मदतीची वाट बघावी लागते.

सोमवारच्या ऑफिसचाही बोटीच्या मापाशी संबंध आहे. लहान बोटीला वाईट हवेत थांबून राहावं लागतं, म्हणजे ती घेताना सुट्टीत एक मोकळा दिवस धरावा लागतो. तो नसला की रविवारी दुपारी वारा वाढलेला असतानाही लोक निघतात. इथे ट्रेलरचा एक उपाय हाताशी असतो. मोठ्या बेटांवरून सरकारी फेरीबोटी सुटतात. बोट तिथेच धक्क्याला बांधून फेरीने परतायचं आणि हवा निवळली की पुढच्या आठवड्यात ती घेऊन यायचं. भाडं जातं, बाकी काही जात नाही.

मग घ्यावी किती फुटी? एकटा माणूस किंवा तरुण जोडपं, शांत तलाव, घरात छोटी गाडी असेल तर १५ ते १९ फूट पुरेत. दोघं, बेटांचा प्रदेश, एका वेळी चार-पाच रात्री आणि ५,००० पौंड ओढणारी गाडी असेल तर १९ ते २२. निवृत्त जोडपं एका दमात महिनाभर अलास्काच्या दिशेने निघणार असेल आणि दारात मोठा ट्रक असेल तर २५. या सगळ्यात सर्वांत जास्त लोकांना मानवणारं माप २२ च्या आसपासचं, हे त्या वर्गातल्या बोटी इतकी वर्षं खपत आल्यात त्यावरूनही दिसतं. पहिली बोट मात्र जुनी घ्यावी. आपल्याला काय नको हे पहिल्या बोटीतच कळतं, आणि ते कळण्यासाठी नव्याची किंमत मोजायची गरज नसते.

त्याआधी एक फुकटची चाचणी घरीच करता येते. हॉलमधलं फर्निचर बाजूला सारायचं, माहितीपत्रकातला केबिनचा नकाशा घ्यायचा आणि फरशीवर खडूने त्याच मापात सगळं आखायचं. बिछान्याचा त्रिकोण, शेगडीचा चौकोन, शौचालय, दार. छताच्या उंचीवर एक दोरी बांधायची. मग रात्री दोघांनी त्या त्रिकोणात आडवं व्हायचं, आणि दोन वाजता एकाने दुसऱ्याला न उठवता, दोरीला डोकं न लावता, रेषा न पुसता बाहेर पडून दाखवायचं.